सुळा दिसला नाही म्हणून बेलुगा समजू नका

गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात मी एक छायाचित्र फिरवलं. काळपट पाण्यात पाच-सहा देवमासे, राखाडी अंगावर गडद ठिपके, आणि लांब दात एकालाही नाही. "हे कोण?" म्हटल्यावर अर्धा वर्ग एकसुरात ओरडला, "बेलुगा!" बेलुगा आणि नारव्हाल हे उत्तर ध्रुवाकडचे दोन देवमासे. दात नाही म्हणजे नारव्हाल नाही, आणि नारव्हाल नाही म्हणजे उरला बेलुगा, असा त्यांचा हिशेब. मागच्या बाकावरून एक जण उभा राहिला. त्याचे वडील बेळगावजवळच्या हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात त्या कारखान्यात कामाला आहेत. तो म्हणाला, "सर, बेलुगा म्हणजे विमान की ओ!"

त्याचं बरोबरच होतं. एअरबसचं त्या नावाचं मालवाहू विमान आहे. विमानांचे पंख आणि धडाचे मोठमोठे तुकडे एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात न्यायला ते बनवलं, आणि फुगीर कपाळामुळे त्याला या देवमाशाचं नाव पडलं. चुकला होता तो बाकीचा वर्ग. चित्रात सगळ्या नारव्हालच्या माद्या होत्या.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. "पांढरा तो बेलुगा, शिंगवाला तो नारव्हाल" असं मीच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. या दोन्ही खुणा अर्ध्याच खऱ्या आहेत, म्हणून आता दोघांना शेजारी शेजारी ठेवून नीट बघू.

नात्यानं हे दोघे अगदी जवळचे. मोनोडॉन्टिडी नावाच्या कुळात आज दोनच जाती जिवंत आहेत, त्या याच. दोघे उत्तर ध्रुवाभोवतीच्या थंड समुद्रात राहतात, हवेत श्वास घेतात, पिल्लांना दूध पाजतात. मराठीत 'देवमासा' म्हटलं की मुलांना वाटतं मासाच आहे. आमच्याकडची मुलं गल्लीत कन्नडही बोलतात, त्यामुळे देवमाशाचा तिकडचा शब्द 'तिमिंगिल' त्यांच्या कानावरून गेलेला असतो. तिमी नावाच्या अजस्र माशाला गिळतो तो तिमिंगिल. यातला 'गिळणारा' लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बांधाही सारखाच. पूर्ण वाढलेला नर साधारण पाच मीटर लांब आणि दीड टनाच्या आसपास. दोघांच्याही पाठीवर पर नसतो. बर्फाच्या छताला पाठ घासत पोहणाऱ्याला उभा पर अडचणीचाच. म्हणजे डॉल्फिन ओळखायची आपली नेहमीची खूण इथे दोघांनाही लागू पडत नाही.

आता रंग. 'बेलुगा' हा शब्द 'पांढरा' या अर्थाच्या रशियन शब्दावरून आला, आणि मोठा झालेला बेलुगा खरोखरच धुतलेल्या खादीसारखा पांढराशुभ्र असतो. पण जन्मतः तो गडद राखाडी असतो. पुढे बरीच वर्षं तो फिकट होत जातो आणि वयात येता येता पांढरा होतो. नारव्हालचं पिल्लूही राखाडीच. ते आधी काळपट होतं, मग अंगावर पांढरे डाग उमटत जातात, आणि म्हातारपणी काही नर दुरून जवळजवळ पांढरेच दिसतात. थोडक्यात, राखाडी पिल्लू दोघांपैकी कुणाचंही असू शकतं आणि पांढरट म्हाताराही. नारव्हालच्या नावातला 'नार' हा जुन्या नॉर्स भाषेत प्रेताला म्हणायचा शब्द. त्या डागाळलेल्या कातडीवरून खलाशांना पाण्यात फुगलेलं प्रेत आठवलं असावं असं सांगतात. इतक्या सुंदर जनावराला हे नाव मिळावं याचं मला वाईट वाटतं.

सुळ्याबद्दल मात्र थोडं सावकाश बोलायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे.

पहिली गोष्ट, ते शिंग नाही, दात आहे. आणि इथे आपली मराठी गंमत करते. हत्तीच्या लांब दातांना आपण सुळे म्हणतो, पण ते असतात पटाशीचे दात. दांडेलीच्या बाजूनं खानापूरच्या जंगलात उतरणाऱ्या हत्तींचे ते दात, शास्त्राच्या हिशेबानं सुळे नव्हेतच. नारव्हालचा मात्र अस्सल सुळा. वरच्या जबड्यातला डाव्या बाजूचा सुळा ओठ भेदून सरळ पुढे वाढत जातो, अडीच ते तीन मीटरपर्यंत. उजवा सुळा सहसा जबड्यातच दडून राहतो. क्वचित, सुमारे पाचशे नरांत एखाद्याला, दोन्ही सुळे बाहेर येतात.

त्यावर पीळ असतो, आणि तो नेहमी डावा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम केलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं: उलटे आटे. साध्या बोल्टचे आटे ज्या बाजूला चढतात त्याच्या विरुद्ध बाजूला नारव्हालच्या दाताचा पीळ चढतो. दोन सुळ्यांच्या नरातही दोन्ही दात डाव्याच पिळाचे. हरणाची, मेंढ्याची शिंगं पाहा, डावं-उजवं एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखं असतं. इथे तसं नाही.

आत हा दात पोकळ आणि जिवंत आहे. मध्यभागी मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या, आणि बाहेरच्या थरातून आतवर जाणाऱ्या लाखो बारीक नळ्या. समुद्राचं पाणी त्या नळ्यांत शिरतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दाताभोवतीच्या पाण्याचा खारेपणा बदलला तसे नारव्हालच्या हृदयाचे ठोकेही बदलले. २०१७ मध्ये कॅनडाच्या नुनावुत भागात ड्रोनवरून घेतलेल्या चित्रीकरणात नारव्हाल सुळ्याच्या फटक्यानं लहान मासे बधिर करून गिळताना दिसले. तरीही माझं मत असं की हा दात जगण्यासाठी लागणारं हत्यार नाही. तसा असता तर तो माद्यांनाही हवा होता. पण बहुतेक माद्यांना, जवळपास ८५ टक्के, तो येतच नाही, आणि त्यांचं काही अडत नाही. नरानराच्या चढाओढीत तो मिरवण्यासाठी जास्त, बाकीचे उपयोग वरकड.

युरोपात हाच दात कित्येक शतकं एकशृंगी घोड्याचं शिंग म्हणून सोन्याच्या भावानं विकला गेला. डेन्मार्कच्या राजांचं रोझेनबोर्ग किल्ल्यातलं सिंहासन नारव्हालच्या दातांनी सजलेलं आहे. हे शिंग एका देवमाशाचं आहे हे ओले वोर्म या डॅनिश वैद्यानं १६३८ मध्ये दाखवून दिलं.

आता तोंड उघडून आत पाहा. मला विचाराल तर खरा फरक तिथे आहे. बेलुगाच्या तोंडात वर-खाली मिळून चाळिसेक पर्यंत दात असतात, नरालाही आणि मादीलाही. नारव्हालच्या तोंडात, तो बाहेर आलेला सुळा सोडला तर, कामाचा दात एकही नाही. तो भक्ष्य ओढून घेतो आणि आख्खं गिळतो. तिमिंगिल हे नाव त्यालाच शोभतं. बेलुगाही चावत बसत नाही, पण त्याला पकडता येतं, तळाच्या वाळूवर पाण्याचा फवारा मारून लपलेलं भक्ष्य उघडं पाडता येतं. मासे, कोळंबी, शिंपले, किडे, जे मिळेल ते. नारव्हालचा हिवाळ्यातला आहार मुख्यतः खोल पाण्यातल्या चपट्या हॅलिबट माशावर आणि माकुलावर चालतो. गोव्याहून आपल्या बाजारात येणारा लेपो जसा चपटा असतो, तशाच अंगाचा पण बराच मोठा मासा तो.

त्यावरून दोघांची घरंही वेगळी पडतात. बेलुगा किनाऱ्याला येतो. उन्हाळ्यात हडसन उपसागरातल्या चर्चिल नदीच्या मुखाशी त्यांचे मोठे थवे जमतात, आणि उथळ, त्यातल्या त्यात कोमट पाण्यात गोट्यांवर अंग घासून जुनी कातडी काढून टाकतात. नारव्हाल बरोबर उलट. ग्रीनलंड आणि कॅनडामधल्या बॅफिन उपसागरात, जिथे हिवाळ्यात शंभर भागांपैकी पाच भागही पाणी मोकळं नसतं, तिथे तो महिनोन्महिने राहतो. बर्फातल्या भेगांतून श्वास घेतो आणि दीड हजार मीटरपेक्षाही खोल बुडी मारतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर जाताना आपण जेवढं खाली येतो, त्याच्या दुप्पट खाली, काळोखात, एका श्वासावर, आणि परतताना पुन्हा तीच भेग शोधायची. भेग मिटली तर अख्खा कळप गुदमरतो.

बेलुगाही खोल जातो, पण आवाजानं तो जास्त ओळखला जातो. शिट्ट्या, किलबिल, घंटानाद, सगळं त्याच्या कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून बाहेर पडतं, आणि तो गोळा त्याला हवा तसा आकारता येतो. मानेचे मणके जुळलेले नसल्यानं तो मान वळवून तुमच्याकडे पाहतो. सॅन डिएगोला अमेरिकी नौदलाच्या तळावर नॉक नावाचा बेलुगा होता. एकदा एक पाणबुड्या वर आला आणि सोबत्यांना विचारू लागला, "मला बाहेर ये म्हणून कोण म्हणालं?" म्हणाला होता नॉक. माणसाच्या बोलण्याची त्याची नक्कल २०१२ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. १९६९ आणि १९७० मध्ये न्यूयॉर्क आणि व्हँकुव्हरला नारव्हालही मत्स्यालयात ठेवायचा प्रयत्न झाला, पण एकही फार दिवस जगला नाही. पूर्व ग्रीनलंडमध्ये जाळ्यात सापडलेल्या नारव्हालना यंत्रं लावून सोडलं, तेव्हा जिवाच्या आकांतानं पोहत असतानाही त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला तीन-चारवर आले होते. जोरात पळायचं आणि हृदय जवळपास थांबलेलं. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आज दोन्ही जातींची संख्या लाखाच्या वर आहे, पण बर्फ आटत चाललेल्या समुद्रात मला काळजी जास्त नारव्हालची वाटते. बेलुगाकडे दुसरी वाट असते, दुसरं खाणं असतं. नारव्हाल वर्षानुवर्षं त्याच वाटेनं त्याच जागी जातो.

तर वर्गातलं ते चित्र ओळखायचं कसं? शेपटीवरून. मोठ्या नारव्हालची शेपटी उलटी जोडल्यासारखी दिसते. मागची कड बाहेर गोलावलेली, पंखा उघडावा तशी. बेलुगाची शेपटी नेहमीच्या देवमाशाची. वर्गाला मी हे सांगितलं आणि मुलांनी चित्र पुन्हा हातात घेतलं.

मग मी आणखी एक चित्र काढलं, कवटीचं. पश्चिम ग्रीनलंडमधल्या एका शिकाऱ्याच्या अवजारांच्या खोपटाच्या छपरावर ती होती. १९९० मध्ये एका शास्त्रज्ञाच्या नजरेला पडली, आणि २०१९ मध्ये डीएनए तपासणीतून कळलं की आई नारव्हाल आणि बाप बेलुगा. तोंडात अठरा दात, त्यांतले काही नारव्हालसारखे पिळाचे आणि पुढे आडवे झुकलेले. हाडांतल्या कार्बनवरून दिसलं की हा प्राणी आईसारखा खोल पाण्यातलं खात नव्हता, बापासारखंही नाही, तर समुद्राच्या तळाशी उकरून जगत होता. हे दोघे समुद्रातही भेटतात म्हणा. २०१६ पासून कॅनडाच्या सेंट लॉरेन्स नदीत, नारव्हालच्या नेहमीच्या मुलुखापासून हजार किलोमीटरवर, एक तरुण नारव्हाल बेलुगांच्या टोळीत त्यांच्यातलाच एक होऊन फिरताना दिसला आहे.

मुलं कवटीतले दात मोजत होती. विमानवाल्या मुलानं मोजणं सोडून विचारलं, "सर, त्याची शेपटी कुणासारखी होती ओ?"

शिकाऱ्याला ती आठवत होती. अंग सगळं एकसारखं राखाडी, पुढचे पर बेलुगाचे, शेपटी नारव्हालची.