केळ्याचा बाक आणि ब्रसेल्सची बदनामी

युरोपीय आयोगाचा, म्हणजे युरोपीय संघाच्या ब्रसेल्समधल्या कार्यकारी यंत्रणेचा, २२५७/९४ हा नियम १६ सप्टेंबर १९९४चा. विषय केळ्यांच्या प्रतवारीचा: लांबी किमान १४ सेंटिमीटर, जाडी किमान २७ मिलिमीटर, आणि फळात 'विकृती किंवा अवाजवी बाक' नसावा. ब्रिटिश टॅब्लॉइडांनी तो 'बाक' तेवढा उचलला. वाचकापर्यंत पोचलं ते असं, की ब्रसेल्सने वाकड्या केळ्यांवर बंदी घातली!

नियम होता हिरव्या, न पिकलेल्या मालासाठी. दुकानातल्या केळ्यांना तो लागूच नव्हता. शिवाय खालच्या प्रतीत आकाराचे दोष चालत. मुळात हा नियम आला कशासाठी? १ जानेवारी १९९३ला युरोपची एकल बाजारपेठ सुरू झाली, म्हणजे सदस्य देशांत माल मोकळेपणाने फिरू लागला. माल न बघता मागवणाऱ्या व्यापाऱ्याला 'पहिली प्रत' म्हणजे काय ते सगळीकडे सारखंच कळावं, एवढाच हेतू. नियम बनवणाऱ्या समित्यांत ब्रिटनचेही प्रतिनिधी बसत, पण मायदेशी त्याची वाच्यता करण्यात कुणाला रस असणार?

अर्थात, सगळंच कपोलकल्पित नव्हतं. काकडीच्या १९८८च्या नियमात वरच्या प्रतीसाठी दर १० सेंटिमीटरला १० मिलिमीटरपर्यंतच बाक चालेल, असं खरोखर लिहिलं होतं. सरळ काकड्या खोक्यात नीट बसतात, हे कारण रास्त. पण असं वाक्य छापणाऱ्याने हसं होण्याची तयारी ठेवायला हवी. तो नियम १ जुलै २००९ला गेला.

या पत्रकारितेला वळण दिलं ते पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी. १९८९ ते १९९४ ते 'डेली टेलिग्राफ'चे ब्रसेल्समधले वार्ताहर होते. त्याआधी अवतरण रचल्याबद्दल 'टाइम्स'ने त्यांना काढलं होतं. कुंपणापलीकडे दगड भिरकावायचे आणि शेजारच्या इंग्लंडमध्ये काचघर खळ्ळकन फुटल्याचा आवाज ऐकायचा, असं त्या दिवसांचं वर्णन पुढे त्यांनीच बीबीसी रेडिओवर केलं. इतर संपादकांनाही मग तसाच मजकूर हवासा झाला. आयोगाच्या लंडन कार्यालयाने खुलासे काढले, पण खुलाशाला मथळा कोण देतो?

मे २०१६मध्ये, ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की नाही यावरच्या जनमताच्या प्रचारात, जॉन्सन यांनी केळी पुन्हा काढली: म्हणे दोन-तीनपेक्षा जास्त केळ्यांची फणी विकता येत नाही. घाऊक मालाचा नियम नेमका उलटा होता. फणीत किमान चार केळी हवीत. संघातून बाहेर पडताना ब्रिटनने जे हजारो नियम आपल्या कायद्यात उतरवून घेतले, त्यांत केळ्यांच्या प्रतवारीचाही होता.