धक्का दिला की शेवट जमतो?

पटकथा लिहायला बसलेल्या नवख्याला एक सल्ला हमखास मिळतो: शेवटी जोरदार धक्का द्या, बाकीचं लोक विसरतात. दाखला म्हणून 'सैराट' (२०१६) हा चित्रपट पुढे केला जातो. हा समज चुकीचा आहे, आणि तो खोडून काढायला 'सैराट'च पुरेसा आहे.

आठवून बघा. नायिका आर्चीचा भाऊ, पुढाऱ्याचा मुलगा प्रिन्स भर वर्गात सरांच्या कानाखाली वाजवतो आणि त्याचं काहीही वाकडं होत नाही. या घराची ताकद आपल्याला तिथेच कळते. पुढे दुसऱ्या जातीच्या परश्याबरोबर पळून गेलेली आर्ची काही वर्षांनी आपणहून आईला फोन लावते. तिच्या मायेतूनच माहेरचा पत्ता जुळतो. आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन भाऊ दारात येतो, ती चहा ठेवते. मला तर हा चहाच सगळ्यात जीवघेणा वाटतो! शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परततं तेव्हा आर्ची-परश्याचा खून झालेला असतो आणि पडद्यावर आवाजच उरत नाही. दिसतात ती फक्त रक्ताची इवली पावलं.

म्हणजे धक्का बसतो, पण त्याची तयारी आधीपासून झालेली असते. तुमचा शेवट अडला असेल तर नवं वळण शोधू नका. सुरुवातीची पानं काढा आणि तिथे कुणी कुणाला कानाखाली मारली होती ते बघा.