सौंदर्य शस्त्रक्रियेतील जंतुसंसर्ग प्रतिबंध

सौंदर्य शस्त्रक्रियेतील जंतुसंसर्ग प्रतिबंध : आजार नसताना, केवळ रूपात हवा तो बदल करून घेण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत जखमेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधी, शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि नंतर घ्यायची काळजी. लायपोसक्शन (चरबी नळीने शोषून काढणे), टमी टक (पोटाची सैल कातडी काढून ताणणे), ब्रेस्ट इम्प्लांट (स्तनात कृत्रिम भरण बसवणे), फेसलिफ्ट (चेहऱ्याची कातडी ताणणे), नाकाची सौंदर्य शस्त्रक्रिया आणि केशरोपण या त्यातल्या नेहमीच्या शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत, आणि इम्प्लांट बसवले असल्यास ९० दिवसांत जखमेत संसर्ग झाला तर तो शस्त्रक्रियेमुळे झाला असे सर्वसाधारणपणे धरतात.

अपेंडिक्स फुटलेल्या रुग्णाला ‘आधी मधुमेह आटोक्यात आणा, मग या’ असे सांगता येत नाही. नाकाचा बाक काढायला आलेल्याला सांगता येते. तारीख पुढे ढकलता येणे हे या शस्त्रक्रियांमधले संसर्गाविरुद्धचे सर्वांत प्रभावी साधन आहे, आणि व्यवहारात सर्वांत कमी वापरले जाणारेही तेच आहे. लग्नाचा मुहूर्त, परदेशातून तीन आठवड्यांच्या रजेवर येणे, आगाऊ भरलेले पॅकेजचे पैसे अशा कारणांनी तारीख आधी ठरते आणि शरीराची तयारी तिच्यामागे फरफटत येते.

निरोगी त्वचेवर केलेल्या या शस्त्रक्रिया बहुतांशी ‘स्वच्छ’ गटात मोडतात, म्हणून संसर्गाचे प्रमाण मुळात कमी असते. मात्र ते सगळीकडे सारखे नसते. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्याने तिथल्या जखमा सहसा चिघळत नाहीत. पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली होती. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले गेले होते. जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा जंतुमुक्त ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली ती १८६७ मध्ये, म्हणजे त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी. जंतूंची कल्पनाही नसताना ते नाक जगले, यात कारागिराच्या हाताइतकाच चेहऱ्याच्या रक्तपुरवठ्याचा वाटा होता. टमी टकमध्ये पोटाची कातडी मोठ्या पट्ट्यात खालच्या थरापासून सोडवून ताणून शिवतात. तिच्या कडांना रक्त जेमतेम पोहोचते आणि मोकळ्या पोकळीत पाणी साचते. इथे तसा दिलासा नाही.

म्हणूनच तंबाखूचा प्रश्न आधी येतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कातडीच्या कडा काळ्या पडतात आणि त्या मेलेल्या भागात जंतू वाढतात. शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतरही जखम भरेपर्यंत धूम्रपान पूर्ण बंद ठेवायला सांगतात. ‘मी सिगारेट ओढत नाही’ या उत्तरावर महाराष्ट्रात तरी थांबू नये. गुटखा, चुना-तंबाखू आणि दात घासायची मिश्री यांतही निकोटिन असते, आणि मिश्री लावणाऱ्या बाईच्या मनात आपण तंबाखू घेतो असे येतच नाही. निकोटिनची च्युइंगम किंवा पट्टीही याला अपवाद नाही. शंका असल्यास काही सर्जन लघवीची कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) चाचणी करून घेतात.

मधुमेहींच्या बाबतीत आदल्या दिवशीची साखर पुरेशी नसते. गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी पाहतात. ती ७ ते ८ टक्क्यांच्या वर असेल तर अनेक सर्जन तारीख देत नाहीत. शस्त्रक्रियेच्या काळात रक्तातली साखर दर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवावी, अशी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची २०१७ ची शिफारस आहे. बॅरिअॅट्रिक (वजन उतरवण्याच्या) शस्त्रक्रियेनंतर खूप वजन उतरलेले लोक लोंबती कातडी काढून घ्यायला येतात, तेव्हा ते वरून तंदुरुस्त दिसले तरी त्यांच्यात प्रथिने आणि लोह कमी असू शकते. वजन काही महिने स्थिर राहिल्याशिवाय त्यांनी घाई करू नये. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर ती सांगावीत, पण आपल्या मनाने बंद करू नयेत.

किडलेला दात, लघवीचा संसर्ग, अंगावरचे गळू, पोटाच्या वळीतला नायटा यांपैकी काहीही असल्यास आधी त्याचा उपचार करतात. आपल्याकडे पावसाळ्यात वळीतला नायटा इतका सर्रास दिसतो की रुग्णाला तो सांगण्याजोगा वाटत नाही. छेद मात्र नेमका तिथेच घ्यायचा असतो.

शस्त्रक्रियेआधी साध्या किंवा जंतुनाशक साबणाने अंघोळ पुरते. घरी वस्तऱ्याने केस काढणे ही चांगल्या हेतूने होणारी चूक आहे, कारण पात्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात. कॅनडातील कॅलगरी येथील क्रूझ आणि फूर्ड यांच्या १९७३ च्या पाहणीत वस्तरा फिरवलेल्यांत संसर्ग सुमारे २.३ टक्के, केस कातरलेल्यांत १.७ टक्के आणि केस न काढलेल्यांत ०.९ टक्के आढळला होता. केस काढणे भागच असेल तर ते रुग्णालयात क्लिपरने काढतात.

प्रतिजैविकांबाबत सल्ला आणि प्रथा यांत मोठी दरी आहे. सेफाझोलिनसारख्या औषधाचा एक डोस छेद घेण्याआधीच्या तासाभरात शिरेतून द्यायचा, शस्त्रक्रिया चार तासांपलीकडे लांबली तर पुन्हा द्यायचा, आणि थांबायचे, हे त्यामागचे तत्त्व. टाके घातल्यानंतर संरक्षणासाठी प्रतिजैविक चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही पाच-सात दिवसांच्या गोळ्या लिहून देण्याची पद्धत भारतात सर्रास आहे. त्यातून संसर्ग टळत नाही, औषधांना न जुमानणारे जंतू मात्र वाढतात.

रुग्णाला उबदार ठेवणे ही बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांवरील अभ्यासात, शरीर थंड पडलेल्या रुग्णांपैकी १९ टक्क्यांना, तर उबदार ठेवलेल्यांपैकी ६ टक्क्यांना जखमेचा संसर्ग झाला. लायपोसक्शनमध्ये शरीराचा मोठा भाग उघडा असतो आणि लिटरच्या हिशेबाने द्रव आत सोडला जातो, म्हणून हा मुद्दा इथे अधिकच लागू पडतो. एकाच बैठकीत पोट, स्तन आणि मांड्या उरकण्याच्या आग्रहामुळे शस्त्रक्रियेचा वेळ वाढतो आणि वेळेबरोबर धोकाही.

इम्प्लांटचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर धरून बसतात आणि तिथे ना प्रतिजैविक पोहोचते ना शरीराच्या पेशी. इम्प्लांटभोवतीचे कवच आकसून घट्ट होण्याशीही या थराचा संबंध जोडला जातो. म्हणून स्तनाग्राच्या कडेने छेद घेण्याऐवजी स्तनाखालच्या वळीतून जाणे, हातमोजे बदलणे आणि त्वचेचा स्पर्श टाळण्यासाठी इम्प्लांट नरसाळ्यासारख्या पिशवीतून आत सरकवणे या पद्धती रुळल्या. तरीही संसर्ग झाला तर बहुधा इम्प्लांट काढावेच लागते.

संसर्गाच्या सर्वांत त्रासदायक साथी मात्र उपकरणे आणि पाण्यातून आलेल्या आहेत. डॉमिनिकन प्रजासत्ताकात स्वस्तात टमी टक किंवा लायपोसक्शन करून अमेरिकेत परतलेल्या स्त्रियांमध्ये २००३–०४ मध्ये आणि पुन्हा २०१३–१४ मध्ये मायकोबॅक्टेरियम अॅब्सेसस गटातल्या जंतूंचे संसर्ग आढळले. क्षयाच्या जंतूंच्या कुळातले हे जंतू नळाच्या पाण्यात आणि मातीत असतात. ब्राझीलमध्ये २००४ ते २००८ दरम्यान याच गटातल्या जंतूंची मोठी साथ पसरली आणि तिथला वाण उपकरणे बुडवून ठेवायच्या २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकालाही दाद देत नव्हता. लायपोसक्शनची लांब पोकळ नळी नुसती द्रावणात बुडवून ठेवणे निर्जंतुकीकरण नव्हे, हा त्याचा अर्थ. ती आतून घासून, धुऊन ऑटोक्लेव्हमध्येच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) जायला हवी. २०२३ मध्ये मेक्सिकोतील मातामोरोस येथे एपिड्युरल (पाठीच्या कण्याजवळ सुईने दिलेली) भूल देऊन सौंदर्य शस्त्रक्रिया करवून घेतलेल्यांत फ्युझेरियम बुरशीचा मेंदूज्वर झाला आणि त्यात मृत्यूही झाले. तिथे संसर्गाची वाट सर्जनच्या छेदातून नव्हे, तर भुलेच्या सुईच्या मार्गाने गेल्याचे मानले जाते.

तेव्हा चौकशी करताना सर्जनच्या आधी-नंतरच्या फोटोंपेक्षा दुसऱ्या गोष्टी विचाराव्यात. डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी आहे का आणि त्यांची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे का. रुग्णालयाची नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी आहे का. ऑटोक्लेव्हची जंतुचाचणी होते का. भूल कोण देणार. रात्री ताप आला तर फोन कोण उचलणार. हे प्रश्न विचारल्याने डॉक्टर रागावत असतील तर तेही एक उत्तरच आहे.

घरी आल्यावर जखमेवर हळद, खोबरेल किंवा कुणी सुचवलेले मलम लावू नये, आणि सर्जनने परवानगी देईपर्यंत ती भिजवू नये. पहिल्या एक-दोन दिवसांत जखमेच्या मानाने असह्य वाटणाऱ्या वेदना, झपाट्याने पसरणारी लाली आणि ताप ही ऊती सडवणाऱ्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. नेहमीचा संसर्ग साधारण चौथ्या ते दहाव्या दिवशी दिसतो : दुखणे कमी होण्याऐवजी वाढते, टाक्यांतून पू किंवा घाण वास येतो. टाके सुकल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जखमेजवळ गाठी उठून त्या फुटू लागल्या, आणि नेहमीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) काहीच उगवले नाही, तर मायकोबॅक्टेरियाचे वेगळे कल्चर मागावे लागते. भारतात अशा गाठींना क्षय समजून एकेटी (क्षयावरची औषधे) सुरू होण्याची शक्यता असते. ती औषधे मायकोबॅक्टेरियम अॅब्सेससवर चालत नाहीत. त्याला अमिकासिनसारखी वेगळी औषधे महिनोन्‌महिने द्यावी लागतात, शिवाय बाधित भाग कापून काढावा लागतो. परक्या शहरात किंवा देशात शस्त्रक्रिया केलेल्यांनी निघण्यापूर्वीच शस्त्रक्रियेचा तपशील, दिलेली औषधे आणि इम्प्लांटचे कार्ड लेखी मागून घ्यावे.