एथिल ग्लुकुरोनाइड

एथिल ग्लुकुरोनाइड हे दारू प्यायल्यावर शरीरात तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणारे संयुग आहे. मद्यपानाचे जैवचिन्हक, म्हणजे बायोमार्कर, म्हणून ते तपासतात. प्रयोगशाळेत त्याला नुसते ‘ईटीजी’ म्हणतात.

पोटात गेलेले बहुतेक अल्कोहॉल यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग अ‍ॅसिटेट होऊन संपते. त्यातला ०.१ टक्क्याहूनही कमी भाग ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडला जातो, तोच ईटीजी. प्राण्यांच्या शरीरात तो तयार होतो हे १९०१ पासून माहीत होते. तपासणीसाठी त्याचा वापर मात्र अलीकडचा. दारू लघवीतून काही तासांतच नाहीशी होते. ईटीजी थोड्या पिण्यानंतर साधारण दिवसभर, तर भरपूर पिण्यानंतर तीनेक दिवस सापडतो.

म्हणजे लघवीची आठवण दिवसांची, वर्षांची नव्हे. एका नमुन्यावरून कोणी जुना मद्यपी ठरत नाही. लग्नात एकदाच प्यायलेल्याचाही नमुना सकारात्मक येईल. म्हणून व्यसनमुक्तीच्या उपचारात नमुने पुन्हापुन्हा, शक्यतो आधी न सांगता घेतात. दीर्घकाळच्या सवयीसाठी रक्तातले फॉस्फॅटिडिल इथेनॉल (दारूपासूनच शरीरात तयार होणारे आणखी एक संयुग) किंवा केसातला ईटीजी अधिक कामाचा.

खरा वाद मर्यादेचा, म्हणजे किती ईटीजी सापडला की नमुना सकारात्मक धरायचा याचा, आहे. दर मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम ही मर्यादा धरली तर थोडे प्यायलेलेही पकडले जाते. पण अल्कोहॉलयुक्त माउथवॉश किंवा हात चोळायचे सॅनिटायझर वापरणाराही अडकू शकतो. ५०० धरली तर ही शक्यता बरीच घटते, आणि हलके पिणारे निसटतात. आपल्याकडची आसवे-अरिष्टे आंबवलेलीच असतात, तेव्हा ती घेणाऱ्याला त्याबद्दल विचारायलाच हवे. भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ करण्याची युक्ती पकडण्यासाठी सोबत क्रिएटिनिन, म्हणजे लघवी किती पातळ आहे हे दाखवणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ, मोजतात.

मूत्रमार्गाच्या संसर्गातले ई. कोलाय जिवाणू नमुन्यातला ईटीजी फोडून टाकू शकतात. त्यामुळे जोडीला एथिल सल्फेट हे दारूपासूनच शरीरात तयार होणारे दुसरे संयुग तपासणे शहाणपणाचे, कारण त्यावर या जिवाणूंचा तसा परिणाम होत नाही. मधुमेह्याच्या बाबतीत उलटीच गंमत होते: लघवीत साखर आणि यीस्ट दोन्ही असली, की बाटलीत ठेवल्या ठेवल्या अल्कोहॉल तयार होते. अशा नमुन्यात दारू दिसते, पण ईटीजी आणि एथिल सल्फेट दोन्ही सापडत नाहीत.