चवळीचा फेस, बाजरीची गोडी

मेदूवड्याचं पीठ झालं की नाही हे बघायला पाण्याच्या वाटीत चिमूटभर पीठ सोडतात. तरंगलं तर झालं, बुडलं तर अजून फेसा. नायजेरियातल्या अकारा या तळलेल्या वड्यालाही हीच परीक्षा लागू पडते. फरक इतकाच, की तिथे उडीद नसतो, चवळी असते, आणि चवळीला तरंगायला लावणं उडदापेक्षा बरंच जिकिरीचं. माझा पहिला घाणा कढईच्या तळाशी जाऊन बसला. वर आला तेव्हा त्याला वडा म्हणण्यापेक्षा तळलेला खडा म्हणणं योग्य झालं असतं. चूक नेमकी कुठे झाली ते शोधायला गेले आणि एका साध्या न्याहारीच्या पदार्थात केवढं रसायनशास्त्र मुरलंय ते कळलं.

अकारा हे नायजेरियाच्या नैऋत्येकडच्या योरुबा लोकांचं नाव. उत्तरेकडचे हौसा लोक त्यालाच कोसई म्हणतात. सकाळी रस्त्याकडेच्या मोठ्या कढईतून तो गरमागरम निघतो. मक्याचं पीठ आंबवून केलेल्या पातळ खिरीबरोबर खातात, नाहीतर सरळ पावात घालून. वडापाव खाणाऱ्याला यात काही समजावून सांगायला नको.

कृती तीन ओळींची आहे. चवळी भिजवा, सोला, कांदा-मिरचीबरोबर वाटा. फेसून तळा. सगळी गंमत या ओळींच्या मधे आहे.

आधी सोलण्याचं बघू. चवळी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवली की साल सैल होतं. दोन्ही तळव्यांत चोळून वर आलेली सालं पाण्याबरोबर ओतून द्यायची, पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. हे काम इतकं कंटाळवाणं आहे की वगळावंसं वाटतं. मी वगळलं होतं. सालातला चोथा मिक्सरमध्ये कितीही फिरवला तरी त्याचे बारीक तुकडे राहतातच, आणि फेसाच्या पातळ पडद्यांना हे तुकडे भोकं पाडतात. सोलून झाल्यावर चवळी तास-दोन तास आणखी भिजवायची आणि अगदी कमी पाण्यात वाटायची. वाटण इडलीच्या पिठाइतकं सैल झालं तर खेळ संपला, कारण पातळ द्रवातून बुडबुडे पटकन वर येऊन फुटतात.

आता फेसणं. चवळीत वजनाच्या सुमारे पाव भाग प्रथिनं असतात. प्रथिनाचा रेणू हा गुंडाळी केलेल्या लांब धाग्यासारखा असतो. त्याचे काही भाग पाण्याला चिकटून राहणारे, काही पाण्यापासून पळणारे. आपण वाटण जोरात फेसतो तेव्हा आत हवा कोंडली जाते. हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे हे धागे उलगडून उभे राहतात. पाणी आवडणारी बाजू पाण्यात, न आवडणारी हवेत. शेजारशेजारचे धागे एकमेकांत अडकतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती लवचीक पडदा तयार होतो. अंड्याचा पांढरा बलक फेसताना हेच घडतं. गरम तेलात पडल्यावर ही प्रथिनं कायमची गोठतात, भोवतालचं पिष्ट, म्हणजे स्टार्च, पाणी शोषून फुगतं, आणि बुडबुड्यांचा सांगाडा पक्का होतो. सोडा नाही, यीस्ट नाही. अकाऱ्याचा हलकेपणा सगळा हवेचा.

उडदाला हे सोपं का जातं? उडदात प्रथिनांच्या जोडीला एक बुळबुळीत, डिंकासारखी शर्करा-साखळी असते. पीठ हाताला चिकट लागतं ते तिच्यामुळे. ती पडद्यांना आधार देते, बुडबुडे धरून ठेवते. चवळीत तितका बुळबुळीतपणा नाही, म्हणून सगळा भार प्रथिनांवर आणि फेसणाऱ्याच्या मनगटावर. पूर्वी हे काम उखळात होई. आज हातातलं बीटर पाच-सात मिनिटं चालवलं तरी भागतं. वाटणाचा रंग बदलून पांढुरका होतो, ते फुगतं, चमच्यावरून सावकाश पडतं. मग वाटीतली परीक्षा.

मीठ मात्र अगदी शेवटी. नायजेरियन बायका या बाबतीत काटेकोर असतात. मीठ आधी घातलं की कांदा पाणी सोडायला लागतो, वाटण सैल होतं आणि मिनिटागणिक फेस बसतो. म्हणून जेवढं कढईत जाणार तेवढ्याच वाटणात मीठ घालायचं. भज्यांचं पीठ ताटकळत ठेवल्यावर काय होतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच पटेल.

एवढा खटाटोप टाळायला चवळीचं तयार पीठ का वापरू नये, हा प्रश्न अर्थातच अनेकांना पडला. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर बराच काळ काम केलं. कोरडी चवळी फार बारीक दळली की तिच्या वाटणात हवा नीट धरली जात नाही, आणि अकारा जड, दडस होतो. ओलं वाटण यात सरस ठरतं. आजीचा पाटा-वरवंटा बरोबर होता असं म्हणायचा मोह होतो, पण खरं श्रेय कणांच्या आकाराला आहे.

हाच फेस समुद्र ओलांडूनही गेला. गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या योरुबा लोकांबरोबर अकारा बाहिया प्रांतात पोचला. तिथे त्याला अकाराजे म्हणतात आणि तो लालभडक पामतेलातच तळतात. तेलाचा हा लाल रंग गाजरातल्या कॅरोटीनच्या कुळातला. साल्व्हादोर शहरात पांढरा पोशाख करून अकाराजे विकणाऱ्या बायकांच्या व्यवसायाला ब्राझीलने २००५ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवलं.

त्याच वाटणात थोडं जास्त पाणी आणि तेल घालून ते वाफवलं की मोईमोई. इथे फेसाची मातब्बरी नाही. प्रथिनं आणि पिष्ट मिळून घट्ट, सुरीनं कापता येईल अशी वडी धरतात. पारंपरिक मोईमोई ज्या रुंद पानात बांधतात त्याचं शास्त्रीय नाव थॉमॅटोकॉकस डॅनिएली. या झाडाच्या फळात थॉमॅटिन नावाचं प्रथिन असतं आणि ते वजनाला वजन साखरेच्या सुमारे २,००० पट गोड आहे. साखर नसून प्रथिन, आणि तरी गोड! आज ते जगभर खाद्यउद्योगात वापरतात. मोईमोई करणाऱ्या बाईला मात्र त्या झाडाची पानं हवी असतात. आपल्याकडे केळीच्या किंवा हळदीच्या पानात बांधून छान होतं, वास अर्थात वेगळा येतो.

चवळीच्या डब्यातल्या भुंग्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो दोन्हीकडे आहे. पश्चिम आफ्रिकेत या किड्याने साठवलेल्या चवळीची वर्षानुवर्षं वाट लावली. औषध न मारता तो रोखायला अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने तीन थरांची हवाबंद पिशवी तयार केली. त्यामागचं कारण मला फार आवडतं. आतला प्राणवायू किडे आणि दाणे वापरून संपवतात, आणि मग किडे मरतात ते मुख्यतः तहानेने. कोरड्या दाण्यात पाणी नसतंच. अळी आपलं पाणी अन्न जाळून, म्हणजे प्राणवायू वापरून शरीरातच बनवते. प्राणवायू गेला की पाणीही गेलं. घरी काचेच्या बरणीत काठोकाठ चवळी भरून झाकण घट्ट लावलं तर हेच तत्त्व लहान प्रमाणात चालतं.

चवळी मुळात आफ्रिकेची. मध्य घानात साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे तिचे दाणे उत्खननात मिळाले आहेत. आज जगात सर्वांत जास्त चवळी नायजेरियात पिकते. बाजरीचीही तीच कथा. मालीतल्या तिलेमसी खोऱ्यात सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या बाजरीचे पुरावे सापडले आहेत आणि इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात ती भारतात आली. आपण जिला घाटावरची भाकरी समजतो तिचं पीक असं सहाराच्या कडेवरून चालत आलेलं आहे.

त्या बाजरीचं हौसा लोक कुनू करतात. कुनुन झाकी, म्हणजे गोड कुनू. दुधाळ, किंचित आंबट, आलं-लवंगेचा झणका असलेलं थंड पेय. करायची रीत पहिल्यांदा वाचली तेव्हा विचित्र वाटली. बाजरी रात्रभर भिजवायची. आलं, लवंग, मिरी आणि कच्च्या रताळ्याचा तुकडा घालून वाटायची. आता वाटणाचे दोन भाग करायचे. तीन हिस्से मोठ्या पातेल्यात घेऊन त्यावर उकळतं पाणी ओतत घोटायचं, म्हणजे दाट पेज होते. उरलेला एक हिस्सा कच्चाच ठेवायचा. पेज जरा निवली की तो कच्चा भाग तिच्यात मिसळायचा, झाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी गाळायचं.

सगळंच शिजवून का टाकत नाहीत? बाजरीतलं पिष्ट कच्च्या दाण्यात घट्ट बांधलेल्या गाठोड्यासारखं असतं. उकळतं पाणी ती गाठोडी फुगवून उघडतं, म्हणून पेज दाटते. हे उघडलेलं पिष्ट तोडायला विकरं, म्हणजे एन्झाइम, लागतात. उकळत्या पाण्यात ती मरतात. म्हणून एक हिस्सा न शिजवता जपायचा! शिजलेला भाग कच्चा माल पुरवतो, कच्चा भाग कामगार. रात्रीतून पिष्टाच्या साखळ्या तुटतात, पेज पातळ होते आणि साखर न घालता गोडी येते.

रताळ्याचं काम इथेच आहे. कच्च्या रताळ्यात बीटा-अमायलेज भरपूर असतं. ते पिष्टाच्या साखळीच्या टोकापासून दोन-दोन कड्या तोडत जातं, आणि अशी सुटलेली जोडी म्हणजे माल्टोज ही साखर. उपासाला मंद आचेवर भाजलेलं रताळं घाईत उकडलेल्यापेक्षा गोड लागतं ते याच विकराला काम करायला वेळ मिळाल्यामुळे. काही घरांत रताळ्याऐवजी मोड आणून वाळवलेलं धान्य घालतात. मोडातलं अल्फा-अमायलेज साखळी मधेच कुठेही तोडतं, त्यामुळे पातळपणा फार लवकर येतो. आपलं नाचणीसत्त्व याच विकरावर चालतं. मोड आलेल्या धान्याचं चमचाभर पीठ घट्ट पेजेत मिसळलं की ती पातळ होते आणि बाळाला त्याच वाटीतून जास्त अन्न देता येतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर नेमकं काम झालं होतं.

रात्रभरात आणखी एक टोळी कामाला लागलेली असते, ती लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंची. कुनूचा आंबटपणा त्यांचा. आंबील पिणाऱ्याला ही चव परकी नाही. पण जिवाणू सकाळी सुट्टी घेत नाहीत, म्हणून बाहेर ठेवलेलं कुनू दिवसभरात उतरतं. पातळ करायला उकळून गार केलेलंच पाणी घ्या आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

नायजेरियातल्या मैद्याच्या पदार्थांवर फार वेळ घालवत नाही. चिनचिन म्हणजे जायफळ आणि अंडं घातलेली, बोराएवढी शंकरपाळी. खुसखुशीतपणा मोहनाचा. लोणी मैद्याच्या कणांना वेढतं आणि ग्लुटेनची लांब जाळी होऊ देत नाही. आतलं पाणी बहुतेक सगळं उडालेलं असल्यामुळे डब्यात आठवडेच्या आठवडे टिकते. पफपफ तिचा उलटा भाऊ, यीस्टने फुगवलेला सैल पिठाचा गोळा, गुलगुल्याच्या जवळचा. मूठ दाबून अंगठा आणि तर्जनीच्या मधून तो तेलात सोडतात. पीठ चांगलं आलं असेल तर गोळा आपोआप पलटी खातो. बुडालेली बाजू तापते, तिच्यातला वायू आणि वाफ फुगते, खालचा भाग हलका होऊन वर यायला बघतो, आणि गोळा लोळतो. मुलांना तरंगण्याचे नियम शिकवायला याहून चविष्ट प्रयोग नाही, फक्त कढईपासून लांब उभं करा.

कुलीकुली या साऱ्यांत जास्त हुशार. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. भाजून वाटलेले दाणे किंचित गरम पाणी शिंपडत मळत राहिलं की तेल सुटतं. ते पिळून बाजूला काढायचं, उरलेल्या पेंडीत मीठ-तिखट घालून कड्या वळायच्या आणि त्याच तेलात तळायच्या. कडकडीत होतात. कुटून घातल्या की सुया नावाच्या भाजलेल्या मांसावरचा मसाला तयार. दाणे मात्र निवडून घ्या, सुरकुतलेला किंवा बुरशीचा एकही नको. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष तळण्याने पुरतं जात नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतूनच त्याचा शोध लागला.

घशाला कोरड पडली असेल तर झोबो. हे लाल अंबाडीचं पेय. अंबाडीची भाजी-भाकरी खाणाऱ्यांना पानं माहीत असतात. झोबोला लागतात ती फूल गळल्यावर फळाभोवती राहणारी मांसल लाल दलं. लोक त्यांना पाकळ्या म्हणतात, पण ती निदलं आहेत. वाळलेली ५० ग्रॅम दलं दीड लिटर पाण्यात आलं, लवंग आणि अननसाच्या स्वच्छ धुतलेल्या सालांबरोबर पंधरा मिनिटं उकळा, गाळा, गार करा. सुदानमध्ये हेच करकदे, सेनेगलमध्ये बिसाप.

अमेरिकेत ६५ जणांवर झालेल्या एका चाचणीत सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७ अंकांनी उतरला, नुसतं तसंच दिसणारं पेय घेणाऱ्यांचा जेमतेम १ अंकाने. तो चहा बाटलीतल्या, साखरेचा पाक झालेल्या झोबोसारखा नव्हता, आणि रक्तदाबाची गोळी कोणी झोबोवर सोडू नये.

झोबोचा रंग अँथोसायनिन गटातला, जांभळाच्या रंगाचा सख्खा नातेवाईक. झोबो इतका आंबट असतो की तिथे तो लालच राहतो. आंबटपणा गेला की रेणूची ठेवण बदलते आणि रंगही. म्हणून झोबो सांडलेला ओटा कपड्याच्या साबणाच्या वडीने घासला की लाल ओघळ डोळ्यांदेखत निळसर-हिरवा होतो. लिंबू पिळलंत तर पुन्हा लाल.