ओरडणारा फोन आणि गप्प बसलेला फोन

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या इमारतीत कुणाच्या फोनला काही झालं की तो फोन माझ्याकडे येतो. माझं काही दुकान नाही. एका कंपनीत कॉम्प्युटरची देखभाल बघतो, हे शेजारपाजारी सगळ्यांना ठाऊक आहे, एवढंच. गेल्या श्रावणात एकाच आठवड्यात असे दोन फोन आले. दोघांचा प्रश्न एकच होता: 'फोनमध्ये व्हायरस शिरलाय का, बघशील?' पहिला फोन दिवसभर बोंबलत होता आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. दुसरा अगदी गप्प होता, आणि त्याच्यातून रात्रीत ४८,००० रुपये गेले होते.

या दोन्ही गोष्टींना आपण 'व्हायरस' हा एकच शब्द वापरतो, आणि तिथेच घोळ होतो. जिथे घाबरायचं कारण नाही तिथे हातपाय गळतात आणि जिथे खरंच थांबायला हवं तिथे बोट सहज पुढे जातं.

पहिला फोन तळमजल्यावरच्या काकूंचा. त्या आल्या तेव्हा त्यांनी फोन पालथा धरला होता, जणू त्याच्याकडे बघायचीही भीती वाटत होती. "अरे, बँकेचं ॲप काढून टाकू का रे? सतरा व्हायरस आहेत म्हणतोय. आणि आता म्हणतोय सिमकार्ड जळणार." पडदा खाली ओढला तर वीसएक सूचना, प्रत्येकीवर लाल त्रिकोण. 'बॅटरी खराब झाली', 'तुमचे फोटो डिलीट होत आहेत', 'दोन मिनिटांत साफ करा'. वाचूनच छातीत धडधडावं अशी भाषा.

त्यांना मी त्या लाल त्रिकोणाकडे बघू नका म्हटलं आणि त्याच्या वरची बारीक, करड्या अक्षरांतली ओळ दाखवली. तिथे 'क्रोम' लिहिलेलं होतं, पुढे एक ठिपका आणि त्यापुढे कुठल्याशा वेबसाइटचा अर्थहीन अक्षरांचा पत्ता. निदान त्या एका ओळीतच होतं. ही सूचना फोनने दिलेली नव्हती आणि बँकेनेही नाही. ती एका वेबसाइटने क्रोमच्या, म्हणजे वेबसाइट उघडायच्या ॲपच्या (ब्राउझरच्या), हातून पाठवलेली चिठ्ठी होती.

हे घडतं कसं? वेबसाइटला आपल्याला सूचना पाठवायच्या असतील तर ब्राउझर आधी आपली परवानगी विचारतो. वर्तमानपत्रांच्या साइट्सही विचारतात, त्यात गैर काही नाही. पण काही साइट्स ही परवानगी फसवून घेतात. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा', 'डाउनलोड सुरू करण्यासाठी अलाउ दाबा', असं पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. काकू जिवतीच्या कहाणीची पीडीएफ शोधत होत्या. एका पानावर अलाउ दाबलं, पीडीएफ काही मिळाली नाही, आणि तेव्हापासून या चिठ्ठ्या सुरू झाल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: वेबसाइटला तुमच्या फोनमध्ये डोकावता येत नाही. ब्राउझर प्रत्येक साइटला तिच्या खोलीत कोंडून ठेवतो. तिला तुमचे एसएमएस दिसत नाहीत, बँकेचं ॲप दिसत नाही, फोनमध्ये व्हायरस आहे की नाही हे तपासायची तर तिला सोयच नाही. सतरा हा आकडा कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो. तेच पान माझ्या फोनवर उघडलं तरी सतराच दाखवणार.

इलाज दोन मिनिटांचा. क्रोमच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, तिथून साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी येते, ओळखीची नसेल ती काढून टाकायची. काकूंच्या यादीत अकरा निघाल्या. मग त्याच पानावरचं, साइट्सनी परवानगी विचारायचीच नाही असं करणारं बटणही बंद केलं, कारण त्यांना कुठल्याच साइटच्या सूचना नको होत्या. फोन शांत झाला. लॉगिन, पासवर्ड, बँक, कशालाही हात लावावा लागला नाही.

लॅपटॉपवरही हीच गोष्ट उजव्या कोपऱ्यात खाली दिसते आणि तिथेही नीट बघितलं तर ब्राउझरचं नाव लिहिलेलं असतं. आयफोनवर कधी कधी कॅलेंडरमध्येच व्हायरसच्या नोंदी पडायला लागतात. तिथे कॅलेंडरचं नको असलेलं सबस्क्रिप्शन काढलं की संपलं.

दुसरा फोन शेजारच्या इमारतीतल्या दादांचा. ते टेम्पो चालवतात. सकाळी सीएनजी भरून यूपीआयने पैसे द्यायला गेले तर खात्यात शिल्लकच नाही. बँकेचा सर्व्हर बंद असेल म्हणून दिवसभर भाडी मारत राहिले. संध्याकाळी पासबुक भरून घेतलं तेव्हा कळलं आणि रात्री नऊला ते माझ्या दारात उभे. "फोन तर एकदम ठीक चाललाय रे. काहीच दाखवत नाही." तेच तर वाईट होतं.

आदल्या दिवशी त्यांच्या एका मित्राच्या व्हॉट्सॲपवरून त्यांना 'आरटीओ ई-चलान' नावाची फाइल आली होती. नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरं होती, म्हणजे ती कागदपत्र नव्हती, अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल होती. टेम्पो चालवणाऱ्या माणसाला चलानाचं नवल नसतं, ते येतच असतं. त्यांनी फाइल दाबली. इथे अँड्रॉइडने काय काय केलं ते बघण्यासारखं आहे. आधी फोन म्हणाला की या ठिकाणाहून अनोळखी ॲप बसवायला परवानगी नाही. दादांनी सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी दिली. मग प्ले प्रोटेक्टने, म्हणजे अँड्रॉइडमध्ये ॲप्स तपासणाऱ्या गूगलच्या सोयीने, धोक्याची सूचना दिली, त्यांनी 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. मग ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. शेवटी चलानाचा १ रुपया भरा म्हणून एक फॉर्म आला, त्यात डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे भरले. "मला वाटलं ॲप अपडेट होतंय," ते म्हणाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एरवीही आपल्या फोनवर दिवसातून दहा वेळा काही ना काही परवानगी मागितली जाते, आणि आपण सगळेच न वाचता 'हो' म्हणतो.

त्यानंतर त्या ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून नाहीसं झालं. ॲप मात्र आतच होतं. कार्डाचा नंबर चोरांकडे गेलेला होता आणि बँकेचा ओटीपी आला की तो दादांच्या आधी त्यांच्याकडे पोचत होता.

दोन फोनांतला मूळ फरक हा. काकूंनी एका वेबसाइटला दाराबाहेर उभं राहून ओरडायची मुभा दिली होती. दादांनी एका परक्या प्रोग्रॅमला घरात घेऊन टपालाची किल्ली दिली होती. ओरडणाऱ्याला तुमच्या घरातलं काही दिसत नाही, म्हणून त्याला तुमचं लक्ष हवं असतं. आत शिरलेल्याला सगळं दिसतं, म्हणून तुमचं लक्ष जाऊ नये हीच त्याची धडपड. गर्जेल तो पडेल काय, ही म्हण फोनच्या बाबतीत बऱ्यापैकी लागू पडते.

बऱ्यापैकी म्हणतो, कारण एका वाटेने ओरडणाराही आत येऊ शकतो. त्या लाल सूचनेवर बोट ठेवलं की एक पान उघडतं, पूर्ण स्क्रीनभर, कधी भोंगा वाजत. तिथे एक तर 'क्लीनर' डाउनलोड करायला सांगतात किंवा मदतीसाठी एक फोन नंबर देतात. काकू तो नंबर लावणारच होत्या. नंबर लावला की पलीकडचा गोड बोलणारा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप बसवायला लावतो. एनीडेस्कसारखी ॲप्स मुळात चांगल्या कामासाठी आहेत, आम्ही ऑफिसात अशी ॲप्स रोज वापरतो. पण त्यातून समोरच्याला तुमचा फोन दिसतो, आणि याच गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. फोनवरून घाबरवून घाई करायला लावण्याचं तंत्र किती मोठ्या प्रमाणावर चालतं ते मुंबईने जवळून पाहिलंय. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकले, तेव्हा तिथून अमेरिकेतल्या लोकांना करवसुली अधिकारी म्हणून फोन जात होते. म्हणून माझं सांगणं असं, की स्क्रीनवर व्हायरसची सूचना आणि तिच्याखाली फोन नंबर असेल तर ती खोटी समजा. खऱ्या यंत्रणा अशा सूचनेत नंबर देत नाहीत. लॅपटॉप अडकल्यासारखा वाटला तर एस्केप दाबून ठेवा, नाही जमलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जात आहे: टॉर्च, क्लीनर, वॉलपेपर अशा नावाची, आपणच बसवलेली आणि सतत जाहिराती फेकणारी ॲप्स. ती सहसा पैसे चोरत नाहीत, जीव खातात. ॲप काढलं की जातात. कम्प्युटरवर काही फुकट बसवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेलं की सोबत येणारी नको ती टूलबार्स याच जातीची.

गप्प बसलेल्याला शोधायचं तर स्क्रीनवर चिन्हं बघून उपयोग नाही. सेटिंग्जमध्ये ॲप्स, आणि तिथे सगळ्या ॲप्सची यादी. दादांच्या फोनमध्ये नाव कोरं असलेली एक ओळ होती, नुसतं हिरवं चिन्ह. मग सेटिंग्जमधलं ॲक्सेसिबिलिटी (यातून ॲपला स्क्रीन वाचता आणि बटणं दाबता येतात), आणि विशेष परवानग्यांतलं नोटिफिकेशन वाचणं आणि डिव्हाइस ॲडमिन (यातून ॲप काढणं अवघड होतं) या तीन जागा बघायच्या. ओळखीच्या नसलेल्या ॲपला तिथे परवानगी असायचं काहीच कारण नाही. आणि व्हॉट्सॲप उघडा. दादांच्या नंबरवरून तीच फाइल त्यांच्या मेहुण्याला, टेम्पो युनियनच्या ग्रुपला आणि मुलीच्या शिक्षिकेला गेली होती. मित्राकडून आली ती तशीच आली होती. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून फाइल भरवशाची होत नाही, हे मला स्वतःला त्या रात्री नीट समजलं.

खरं चलान एपीके म्हणून कधीच येत नाही. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलान साइटवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर आणि चासी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं. विजेचं बिल, पाइप गॅसचं बिल, बँकेची केवायसी, लग्नाची पत्रिका, पीएम किसानचा हप्ता, या सगळ्या नावांनी या फाइली फिरतात. पत्रिकेला ॲप कशाला लागेल?

काकूंच्या फोनला घाई नव्हती, उद्या केलं असतं तरी चाललं असतं. दादांच्या फोनला मात्र प्रत्येक मिनिट मोलाचं होतं आणि त्यात क्रम महत्त्वाचा होता. आधी त्या फोनचा डेटा आणि वायफाय बंद केला. मग माझ्या फोनवरून, त्यांच्या नव्हे, बँकेच्या हेल्पलाइनला लावून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवलं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे, की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणजे कळवल्याची वेळ हाच पुरावा. बँकेकडून तक्रार क्रमांक मागून वहीत वेळेसकट लिहिला. लगेच १९३०. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर, आणि तिथून पैसे पुढे गेलेल्या खात्यांत ती रक्कम अडवायला सांगितलं जातं. पुढच्यांनी ती काढून घेतली नसेल तरच अडते. सकाळीच फोन केला असता तर, हा विचार दादांच्या चेहऱ्यावर दिसत होता, म्हणून मी तो बोललो नाही. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यांना निरोप की फाइल उघडू नका.

फोन रिसेट करायचा तो यानंतर, आणि तोही पासबुकाचे आणि त्या फाइलच्या मेसेजचे फोटो दुसऱ्या फोनवर काढून झाल्यावर. तसं केलं. तोवर सिम मात्र काढून माझ्या आईच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं, म्हणजे ओटीपी आले तर ते फक्त आमच्याकडेच यावेत.

साडेअकराच्या सुमाराला तो फोन वाजायला लागला. एक ओटीपी, मग दुसरा. कुठल्याशा वॉलेटचा, मग कर्ज देणाऱ्या एका ॲपचा. दादांच्या नावावर कुणीतरी कर्ज काढत होतं. वहिनी वही घेऊन शेजारी बसल्या आणि प्रत्येक मेसेज कुणाचा आणि किती वाजता आला ते लिहीत गेल्या. पावणेएकपर्यंत सात झाले. सकाळी तेच पान घेऊन दादा पोलीस ठाण्यात गेले.