टॅकल बॉक्समधली छोटी अवजारं: काय ठेवावं, कसं वापरावं

गळाने मासे धरायला लागणारा रॉड आणि रीळ निवडताना आमचे ग्राहक खूप चोखंदळ असतात. आमिषांपुढे तर तासभर रमतात. टॅकल बॉक्समध्ये, म्हणजे हे सामान न्यायच्या डब्यात, ठेवायचं पक्कड, कानस, कटर मात्र ‘घरात आहे की’ म्हणून राहून जातं, आणि घरातलं ते घरातच राहतं. म्हणून हे पत्रक.

सगळ्यात आधी लांब चोचीची पक्कड. गळ काढायला जितका वेळ, तितका मासा पाण्याबाहेर जास्त राहतो. त्याला परत सोडायचं असेल तर हा वेळ फार महत्त्वाचा. गळ वाकाजवळ धरा आणि ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने उलटा फिरवून काढा. सरळ ओढलात तर गळाच्या टोकामागचा उलटा काटा मांस फाडत येतो. मासे सोडूनच द्यायचे असतील तर हा काटा याच पक्कडीने आधी दाबून सपाट करून ठेवा. दोरी ताणलेली ठेवलीत तर मासा सहसा सुटत नाही, आणि गळ अलगद निघतो. लहान तोंडाच्या माशांसाठी पक्कड जाड पडते. तिथे डॉक्टर वापरतात तसला, खटक्याने अडकणारा चिमटा बरा. गळ खोल गिळलेला असेल तर मात्र खेचाखेच नको. दोरी तोंडाशी कापा आणि माशाला जाऊ द्या.

कापण्यासाठी काय लागेल ते दोरीवर ठरतं. नायलॉनच्या एकेरी दोरीला साधं नेलकटर पुरतं, त्यासाठी वेगळा खर्च करू नका. विणलेली ब्रेड दोरी त्यात नुसती चेपते आणि तिचे तंतू पिंजतात. तिला बारीक दातेरी पात्याची कात्रीच हवी. दाताने दोरी तोडायची सवय असेल तर सोडाच. गाठ आवळण्याआधी ओली करा, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतं. कापलेले तुकडे एका डबीत टाका. नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पाणपक्ष्यांच्या पायांत गुंततं.

कानस ही आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित वस्तू. मासा लागतो आणि सुटतो, तेव्हा पुष्कळदा गळाचं टोक बोथट झालेलं असतं. खडकाला एकदा घासलं तरी पुरे. तपासणं सोपं आहे. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही. टोकाच्या दोन-तीन बाजूंना, एकाच दिशेने, कानशीचे हलके हात द्या. रासायनिक धार दिलेले बारीक गळ मात्र घासत बसू नका. ते बोथट झाले की बदला.

तारा कापायचा साइड कटर बहुतेकांना जास्तीचा वाटतो. तो मासळीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तीन तोंडांचा गळ बोटात रुतला आणि दुसऱ्या तोंडाला मासा तडफडतोय, अशा वेळी आधी गळ कापून हात मोकळा करावा लागतो. काटा कातडीखाली गेला असेल तर उपटू नका. दोरी आणि आमिष कापून वेगळं करा, गळ हलणार नाही असं बांधा आणि डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. डोळ्याजवळ लागलं असेल तर हातही लावू नका. तुमच्याकडच्या सर्वांत जाड गळाची तार कापणारा कटर घ्या, आणि तो घरी जुन्या गळावर वापरून पाहा.

बाकी हेडलॅम्प, मोजपट्टी, चिकटपट्ट्या आणि जंतुनाशक. आमिषाला गळ जोडणाऱ्या कड्या उघडायची आकडेदार पक्कड कृत्रिम आमिषं वापरणाऱ्यांनीच घ्यावी.

खाऱ्या पाण्यावरून आल्यावर सगळी अवजारं गोड्या पाण्याने धुवा, पुसा, पूर्ण वाळू द्या आणि सांध्यात तेलाचा थेंब सोडा. ओला डबा बंद करून ठेवलात तर चांगल्या गळांनाही गंज धरतो. मऊ रबरी आमिषं त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा. दुसऱ्या प्लास्टिकला लागून ती वितळतात, कधी डब्यालाही चिकटून बसतात. पक्कडीचा सांधा आवळला असेल तर जोर लावून मोडू नका. आमच्याकडे घेऊन या, मोकळा करून देतो.